एटलिंगनला जायचंय? मग बॅग भरायच्या आधी हे बघा

सगळ्यात आधी वय बघा. जर्मनीत कार्ल्सरुहेला लागून एटलिंगन म्हणून छोटंसं गाव आहे, तिथे १९८८ पासून दर दोन वर्षांनी मुलांची पियानो स्पर्धा भरते (आजचा प्रसिद्ध चिनी पियानोवादक लँग लँग १९९४ ला तिथेच जिंकला, १२ वर्षांचा होता), एक गट १५ वर्षांपर्यंतचा, दुसरा २० पर्यंतचा, त्यामुळे जन्मतारीख कुठल्या गटात बसते ते नियमात नीट वाचा आणि मगच मुलांसमोर विषय काढा.

स्पर्धेच्या अर्जासोबत व्हिडिओ मागतात तिथे बहुतेक ठिकाणी एकाच टेकमध्ये, कट न करता लागतो. तो पावसाळ्याच्या आत उरका, कारण दमट हवेत ट्यूनिंग बिघडतं आणि पट्ट्या चिकटायला लागतात. आणि रेकॉर्डिंग दुपारी करा, आमचा सगळ्यात भारी टेक शेजारच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीने गेलाय, तेही मोझार्टच्या संथ भागात!

आता खरं काम. घरी अपराइट म्हणजे उभा पियानो असेल (किंवा डिजिटल, आपल्याकडे तेच जास्त) तर दोनेक महिने आधीपासून जिथे मिळेल तिथे ग्रँडवर, म्हणजे स्टेजवरच्या मोठ्या आडव्या पियानोवर, हात बसवा. शाळेचा हॉल, चर्च, हॉटेलची लॉबी, मागायला लाजू नका. अपराइटवर आवाज मऊ करणारं डावं पेडल दाबलं की आतल्या हातोड्या तारांच्या जवळ येतात, ग्रँडवर मात्र अख्खा कीबोर्डच किंचित बाजूला सरकतो. आमच्या लेकीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, पहिल्या स्पर्धेत बोटांखालून पट्ट्या हलल्या, ती दचकून खाली बघायला गेली आणि दोन बार कुठे गेले तिलाच कळलं नाही. माझ्या मते आणखी एक एट्यूड (बोटांच्या सरावाची रचना) बसवण्यापेक्षा पाच अनोळखी पियानोंवर बसलेलं बरं.

स्टूलची उंची शिवणाच्या टेपने मोजून ठेवा, जमिनीपासून सीटपर्यंत किती सेंटिमीटर ते, म्हणजे स्टेजवर बसून नॉब फिरवत बसायला नको. स्टेजवरचेच बूट घालून घरी पेडलची प्रॅक्टिस. तुकडे घड्याळ लावून वाजवायचे, वेळ संपली की परीक्षक मधेच थांबवू शकतात, त्यात अपमान नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नोटेशनची पुस्तकं ओरिजिनल न्या, झेरॉक्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनसाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मूल १८ च्या आतलं असेल तर आईबाबा दोघांच्या सह्या लागतात, एकच जण सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र फाइलमध्ये वरच ठेवा.

दोन-तीन दिवस आधी पोचा, उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, पहिल्या दिवशी पोरं संध्याकाळी सातलाच पेंगतात. कार्ल्सरुहेहून एटलिंगनला ट्राम जाते. रात्री दहानंतर तिकडे शांतता पाळतात, राहत्या जागी वाजवता येईल असं धरून चालू नका, प्रॅक्टिस रूमची वेळ आधीच विचारा. मेतकूट आणि थोडा तांदूळ असू द्या, अनोळखी खाण्याचे प्रयोग फेरी झाल्यावर. नेलकटर चेक-इनच्या बॅगेत, आणि नखं आदल्या दिवशीच कापा, त्या दिवशी सकाळी कापली तर आमची म्हणते बोटांची टोकं नवीनच लागतात.