२०२२ नंतर कपाशी फिकी का दिसत होती

दारव्हा तालुक्यातल्या कपाशीचा एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून काढत होतो. आलेख २०२२ पासून एकदम खाली. बांधावर उभं राहिलं तर पऱ्हाटी कमरेला लागलेली! असा नकाशा नुकसानीच्या कामाला गेला असता तर चांगलं शेत रोगट ठरलं असतं, म्हणून सोडवत नव्हतं.

मग एकाच पिक्सेलचे कच्चे आकडे पाहिले. युरोपीय अंतराळ संस्थेने २५ जानेवारी २०२२ ला प्रक्रियेची ०४.०० आवृत्ती आणली. तेव्हापासून प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याच्या) आकड्यात १००० मिळवलेले असतात. एनडीव्हीआय म्हणजे निकट-अवरक्त आणि लाल बँडची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज. समजा लाल ४००, निकट-अवरक्त ३२००: एनडीव्हीआय ०.७८. तेच १४०० आणि ४२०० झाले की वरची वजाबाकी तीच राहते, खालची बेरीज फुगते, उत्तर ०.५०. पीक तेच.

पायथॉनमध्ये १००० वजा केले, आलेख जुळला. वजाबाकी तारखेवरून करू नका, फाइलच्या नावातला आवृत्ती क्रमांक पाहा. जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया होऊन आली आहेत. गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-चित्रांच्या ऑनलाइन सेवेवर सरळ ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घ्यावा, त्यात हा फरक आधीच काढलेला असतो.

श्रावणातले ढग वेगळे गाळावे लागतात. त्यासाठीचा एससीएल थर (प्रत्येक पिक्सेल ढग, पाणी की झाडी हे क्रमांकाने सांगणारा) २० मीटरच्या पिक्सेलचा आहे, तो १० मीटरवर आणताना सर्वांत जवळच्या पिक्सेलचीच किंमत घ्या, सरासरी नको.