तरोटा : पिकातून काढावा, धुऱ्यावर राखावा

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की नागपूर जिल्ह्यातल्या वावरांच्या धुऱ्यांवर (बांधांवर), पांदणींच्या कडेला आणि पडीक जागांवर तरोट्याची दाट, पोपटी रोपे उगवून येतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ह्याच वनस्पतीला टाकळा म्हणतात, छत्तीसगडात चरोटा, तर आयुर्वेदात चक्रमर्द. सोयाबीन व कपाशीच्या शेतकऱ्याला हे तण वाटते, रामटेक-पारशिवनीकडच्या आदिवासी घरांत ती पावसाळ्यातली पहिली रानभाजी असते आणि अंगावर गजकर्ण उठले की घरातली म्हातारी माणसे ह्याच्याच बियांची आठवण काढतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून तरोटा सरसकट उपटून टाकण्याऐवजी कुठे काढावा आणि कुठे राखावा, हे ठरवून हंगामाची आखणी करावी.

प्रथम पिकाविषयी. सोयाबीनच्या पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस पीक तणमुक्त असणे आवश्यक असते, आणि तरोटा ह्याच काळात जोमाने वाढून पिकावर सावली धरतो. त्यामुळे डवरणी आणि निंदणाच्या वेळी तासातला व दोन झाडांमधला तरोटा मुळासकट काढावा. शेंगवर्गीय आहे म्हणून तो जमिनीला नत्र देईल, असा समज काही ठिकाणी ऐकू येतो. परंतु तरोट्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येत नाहीत, म्हणून त्या आशेने त्याला पिकात ठेवू नये. त्याच्या बियांचे कवच टणक असल्याने त्या जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एकदा शेंगा फुटू दिल्या तर पुढची अनेक वर्षे निंदणाचा खर्च वाढतो. फुलोऱ्यापूर्वी उपटलेली रोपे मात्र कंपोस्टच्या खड्ड्यात खुशाल टाकावीत.

भाजीसाठी रोप वीतभर उंचीचे असतानाच वरची कोवळी पाने खुडावीत. सूर्य मावळला की तरोट्याच्या पर्णिका, म्हणजे एका पानातली जोडीने येणारी छोटी पाने, एकमेकींना चिकटून मिटतात, त्यामुळे सकाळी पाने उघडल्यावर खुडणी केल्यास किडलेले पान नजरेत येते. तणनाशक फवारलेल्या वावरातली, सांडपाण्याच्या नाल्याकाठची आणि वर्दळीच्या रस्त्याकडेची भाजी त्या हंगामात अजिबात खाऊ नये. पाने चार पाण्यांनी धुऊन, बारीक चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या किंवा चण्याच्या डाळीबरोबर शिजवली की उग्र वास जातो. ज्वारीच्या भाकरीशी ही भाजी फार चवदार लागते. पावसाळ्यात एकदा तरी तरोटा खावा, म्हणजे पोट साफ राहते आणि अंगाला खाज सुटत नाही, असे जुनी माणसे सांगतात. ह्यातल्या पहिल्या भागाला आधार आहे, कारण ह्या वनस्पतीत सारक द्रव्ये असतात. त्याच कारणाने गर्भवती स्त्रियांनी आणि जुलाब होत असलेल्यांनी ती टाळावी, आणि जून झालेली पाने कोणीच खाऊ नयेत.

आता ओळखीविषयी. ही बाब जीवावर बेतू शकते, म्हणून ती सविस्तर सांगणे भाग आहे. तरोट्यासारखाच पिवळ्या फुलांचा कासविंदा आपल्याकडे उकिरड्यांजवळ आणि गावठाणात उगवतो. तरोट्याच्या एका पानावर पर्णिकांच्या साधारणपणे तीनच जोड्या असतात, त्यांचे टोक गोलसर असते आणि टोकाकडे पर्णिका रुंद होत जाते. पानाच्या वरच्या बाजूने खालच्या जोड्यांच्या मध्ये निरखून पाहिले तर देठावर नारिंगी रंगाची बारीक, उभी ग्रंथी दिसते. कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्यांच्या आणि टोकदार असतात, आणि त्याची ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी तळाशी, खोडाजवळ असते. शेंगांतही फरक आहे: तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली, तर कासविंद्याची आखूड, चपटी आणि फिकट कडांची. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले कासविंद्याच्या कच्च्या शेंगा-बिया खाऊन दगावल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी होतात. म्हणून घराभोवतीचा आणि अंगणवाडीजवळचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच काढून टाकावा, आणि मुलांना कोणत्याही रानशेंगा तोंडात घालू देऊ नयेत. गुरे उग्र वासामुळे तरोटा सहसा खात नाहीत, पण ह्या दोन्ही झाडांच्या बिया गुरांनाही बाधक असल्याने त्या पेंड-दाण्यात मिसळणार नाहीत ह्याकडे लक्ष द्यावे.

औषधी उपयोगात तरोट्याची ख्याती मुख्यतः त्वचेसाठी आहे. संस्कृत ग्रंथांत त्याला दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा, असेही नाव आहे. बिया आंबट ताकात रात्रभर भिजवून, पाट्यावर वाटून तो लेप गजकर्णावर लावण्याची पद्धत गावोगाव आहे. बियांतल्या क्रायसोफॅनॉल-वर्गीय द्रव्यांमध्ये बुरशी रोखण्याचा गुण आढळल्याने ह्या परंपरेला केवळ समजूत म्हणता येणार नाही. तरीही लेप प्रथम हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा, फुटलेल्या किंवा ओल्या जखमेवर लावू नये, आणि दोन आठवड्यांत चट्टा ओसरला नाही किंवा घरात दुसऱ्यालाही उठला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी वावरात राबणाऱ्यांमध्ये हा आजार हटकून पसरतो. अशा वेळी दुकानातून विचारून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावल्याने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी आतून बळावते. ती सवय मोडणे फार गरजेचे आहे. विंचवाच्या किंवा सापाच्या दंशावर मात्र तरोट्याचा किंवा अन्य कोणत्याही पाल्याचा लेप लावण्यात वेळ घालवू नये, रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे.

धुऱ्यावर तरोटा राखण्याचे सर्वांत मोठे कारण गाजरगवत आहे. तरोट्याची दाट वाढ गाजरगवताच्या रोपांना दाबून टाकते, म्हणूनच जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने पडीक जागेत त्याचे बी फेकण्याची शिफारस केली आहे. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा तपकिरी होऊ लागताच, त्या तडकण्यापूर्वी, सकाळच्या दवात झाडे कापून ताडपत्रीवर वाळवावीत आणि काठीने झोडपावीत. स्वच्छ केलेल्या चमकदार बियांतले थोडे बी औषधासाठी बरणीत ठेवावे; त्यावर चिठ्ठी लावून बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. उरलेले बी गाजरगवत माजलेल्या पट्ट्यांत लगेच, किंवा जून महिन्याच्या आरंभी पावसाआधी, फेकावे. फेकण्यापूर्वी तिथले गाजरगवत हातमोजे घालून फुलण्याआधी उपटलेले असावे. जिथे धुरा पिकाला लागून आहे, तिथे पिकाकडच्या बाजूचा हातभर पट्टा शेंगा धरण्यापूर्वी विळ्याने कापावा, म्हणजे बी वावरात शिरणार नाही.