फ्रूट फ्लेवरचा रॉयबॉस पाणचट लागतोय? या चुका टाळा

फ्रूट फ्लेवरच्या रॉयबॉसचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपापासून होणाऱ्या लाल हर्बल चहाचं, पॅकेट उघडलं की पीचचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा असा काही घमघमाट येतो की वाटतं आज मजा येणार, आणि कपात ओतून पहिला घोट घेतला की नुसतं लालसर गरम पाणी, वर जरासा लाकडी वास. मग ते पॅकेट कपाटात मागे सरकतं आणि पाहुणे आले की "आमच्याकडे हर्बल पण आहे हं" म्हणायला तेवढं पुढे येतं. बहुतेक वेळा दोष पॅकेटचा नसतो, करण्याचा आणि पिण्याचा असतो. कधीकधी पॅकेटचाही असतो, त्याच्यावर येतोच.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं त्यातून सुटत जातं: या पेयात फळ मिळतं ते नाकाला. जिभेला मिळतो तो रॉयबॉस. ज्यूससारखी फळाची चव जिभेवर येईल म्हणून वाट बघत बसलात तर निराशा ठरलेली.

खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. जराशी गोडसर, कदाचित आंबट, किंचित तुरट अशी चव लागेल, बाकी काही नाही. घोट गिळला की नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका, पीच एकदम तिथे हजर! घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. सर्दी झालेली असताना हा चहा टेस्ट करून "काहीच लागत नाही" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचा. आणि हो, नुकतं ब्रश केलेलं तोंड, जेवणात खाल्लेला कच्चा कांदा, वरून टाकलेली बडीशेप, यातलं काहीही असलं तरी तासभर थांबा.

आता हा रॉयबॉस म्हणजे नक्की काय. चहाच्या झाडाशी याचं काही नातं नाही, हे शेंगवर्गातलं झुडूप आहे, सुईसारखी बारीक पानं असलेलं, आणि ते होतं दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात, केपटाऊनच्या उत्तरेला सीडरबर्गच्या डोंगरात आणि आसपास. तिथल्या खोई आणि सान लोकांना ते कितीतरी आधीपासून माहीत होतं. १९०४ च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग नावाच्या रशियातून आलेल्या व्यापाऱ्याने ते बाजारात आणायला सुरुवात केली, आणि १९३० च्या दशकात तिथल्याच क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर नॉर्टिए यांनी त्याच्या हट्टी बिया रुजवायचं तंत्र बसवलं तेव्हा कुठे त्याची नीट शेती व्हायला लागली. २०२१ मध्ये युरोपियन युनियनने या नावाला तिथल्या भागापुरतं भौगोलिक संरक्षण पण दिलं. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या जानेवारी ते एप्रिलमध्ये, फांद्या कापतात, बारीक तुकडे करून चेचतात, ओल्या करून ढीग लावून घाम फुटू देतात (म्हणजे ढिगातच तापून आंबू देतात), मग उन्हात पसरून वाळवतात. ढिगात असतानाच हिरव्याचा लाल होतो आणि मधासारखा वास येतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की इतकं काही सोसलेली ही काडी ग्रीन टीसारखी नाजूक नाही. आणि इथेच पहिली, सगळ्यात मोठी चूक होते.

ग्रीन टीच्या सवयीने लोक पाणी जरा निववून घेतात, दोन मिनिटं टीबॅग बुडवतात, वर-खाली नाचवतात आणि काढून टाकतात, कारण जास्त ठेवलं तर कडू होईल अशी भीती. अहो, यात टॅनिन, म्हणजे चहाला तुरट-कडू करणारा घटक, कमीच असतो, कडू व्हायची धास्ती नको. पाणी खळखळ उकळलेलंच पाहिजे आणि वेळ कमीत कमी ५ ते ७ मिनिटं, मी तर ८ सांगेन. २०० मिलिला एक टीबॅग, सुटा असेल तर २ ते ३ ग्रॅम. फळाचे तुकडे असलेला सुटा ब्लेंड असेल तर चमचा जरा शिगोशीग भरा, कारण सफरचंदाचे तुकडे जड असतात, निम्मं वजन तेच खातात. मोठ्या मगात ३५० मिलि पाणी आणि एकच टीबॅग हा तर पाणचटपणाचा हुकमी फॉर्म्युला आहे.

आणि झाकण! बशी, वाटी, काहीही ठेवा कपावर. वास वाफेबरोबर उडतो, तुमचं स्वयंपाकघर छान दरवळतं आणि कपात उरतो कोरा रॉयबॉस.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आपला पातेल्यातला प्रकार. साधा, बिनफ्लेवरचा रॉयबॉस पातेल्यात खुशाल उकळा, दक्षिण आफ्रिकेत कितीतरी घरांत तसाच करतात आणि वर दूध-साखर घालून पितात, काही बिघडत नाही. पण फ्लेवरवाला उकळत ठेवला की संपलं, कारण वरून लावलेले फळांचे वास हेच सगळ्यात आधी पळून जातात. गॅस बंद करा, मग घाला, झाका, विसरून जा. आलं-वेलदोडा तर नकोच, त्याच्यापुढे बिचाऱ्या पीचचं काय चालणार.

पॅकेटच्या मागची बाजू वाचायचा कंटाळा

पुढच्या बाजूला रसरशीत बेरीचा फोटो असतो, खरी कुंडली मागे असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. तिथे पहिलं नाव हिबिस्कस असेल आणि रॉयबॉस तिसरा-चौथा, तर तुम्ही रॉयबॉस घेतलेलाच नाही, हिबिस्कसचं आंबट पाणी घेतलंय आणि त्यात थोडा रॉयबॉस आहे. हे हिबिस्कस म्हणजे कुंडीतली जास्वंद नव्हे बरं का, ही लाल अंबाडीची बोंडं, विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना त्याचा आंबटपणा वेगळा सांगायला नको. बेरी, चेरी, डाळिंब असल्या नावाच्या ब्लेंडमध्ये ती हटकून असतात कारण रंग लालभडक येतो आणि आंबटपणामुळे "फळ" वाटतं.

म्हणून "फार आंबट होतो" या तक्रारीवर उपाय वेगळा आहे. रॉयबॉस कितीही वेळ ठेवला तरी चालतो, हिबिस्कस नाही, ते जितकं जास्त ठेवाल तितकं दात आंबवतं. असा ब्लेंड असेल तर ४-५ मिनिटांवर थांबा, आणि तरी आंबट वाटला तर तो ब्लेंड तुमच्यासाठी नाही, पुढच्या वेळी पीच, व्हॅनिला, जर्दाळू असलं काहीतरी बघा.

दूध फाटलं? तेही हिबिस्कसचंच काम. दुधातलं प्रोटीन साधारण ४.६ पीएचच्या (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) खाली गोळा होतं आणि हिबिस्कसचा काढा त्याच्यापेक्षा बराच जास्त आंबट असतो. लिंबू-संत्र्याच्या ब्लेंडमध्ये सायट्रिक ॲसिड घातलेलं असेल तर तिथेही तेच. दूध घालायचंच असेल तर व्हॅनिला, कॅरमल, फारतर पीच, आणि त्यातही घटकांत हिबिस्कस किंवा रोजहिप (रानगुलाबाचं आंबट फळ) नाही ना बघून.

घोट गिळल्यावर बराच वेळ जिभेवर चिकट गोडवा राहतो आणि साखर तर घातलेलीच नाही, असं झालं तर घटकांत स्टीव्हिया किंवा जेष्ठमध शोधा. काही जणांना आवडतो, मला त्याने फळाचा वास दबल्यासारखा वाटतो. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी जेष्ठमधवाला ब्लेंड रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि रॉयबॉसमध्ये कॅफीन नाही म्हणून रात्री प्यायला घेताय तर त्यात ग्रीन टी किंवा माते (दक्षिण अमेरिकेतली कॅफीनवाली पानं) मिसळलेला नाही हेही बघून घ्या, मिसळलेले ब्लेंड मिळतात आणि मग रात्री अकराला टक्क जागे.

"ग्रीन रॉयबॉस" लिहिलंय म्हणून हेल्दी समजून आणलेला पण निराश करतो बऱ्याच जणांना. तो घाम न फुटू देता तसाच वाळवलेला असतो, त्यात ॲस्पॅलॅथिन हे अँटिऑक्सिडंट जास्त टिकतं हे खरं, पण मधाळपणा कमी आणि गवताचा वास जास्त. स्ट्रॉबेरी अधिक गवत, आवडत असेल तर घ्या बुवा.

परफ्यूमसारखा किंवा औषधासारखा का लागतो

याच्यावर जरा वेळ घालवतो कारण खरी टेस्टिंगची मजा इथेच आहे. वाळलेल्या सफरचंदाचा किंवा स्ट्रॉबेरीचा तुकडा ७ मिनिटांत पाण्यात फारसं काही सोडत नाही, थोडी गोडी, थोडा आंबटपणा, बस. वासाचं काम वरून लावलेला फ्लेवर करतो, नैसर्गिक असो नाहीतर बनवलेला. तो फ्लेवर रॉयबॉसशी जमतो की नाही हा खरा प्रश्न.

स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या लोकांनी रॉयबॉसच्या वासांचं एक चक्रच बनवलंय, त्यात मध, लाकूड, तिकडच्या फिनबॉस झुडपांच्या फुलांचा वास, जर्दाळू, कॅरमल असे शब्द येतात, आणि बिघडलेल्या मालासाठी वाळलेलं गवत, कुबट वगैरे. आता विचार करा, ज्याच्यात मुळात जर्दाळू आणि मधाची छटा आहे त्याच्याशी पीच, जर्दाळू, व्हॅनिला, संत्र्याची साल सहज जुळणार. स्ट्रॉबेरी आणि अननसाचे वास हलके, उडते, ते वरवर तरंगतात, खाली रॉयबॉस वेगळा आणि वर स्ट्रॉबेरी वेगळी, एखाद्या लग्नात दोन्हीकडची माणसं आपापल्या कोपऱ्यात बसावीत तशी. आणि चेरी? चेरी फ्लेवरचा मुख्य वास बेंझाल्डिहाइडचा, तोच कडू बदामाचा, आणि लहानपणापासून आपल्याला तो भेटलाय खोकल्याच्या लाल औषधात, त्यामुळे चेरी रॉयबॉस पिताना कफ सिरप आठवलं तर तुमची जीभ बरोबर आहे, चहा खराब नाही.

संत्र्या-लिंबाचा ब्लेंड जुना झाला की मात्र खरंच बिघडतो, सालीतलं लिमोनीन हवेने ऑक्सिडाइज होतं आणि वार्निशसारखा वास मारायला लागतो. तो टाकून द्या.

हे सगळं ओळखायला शिकायचं तर सोपी युक्ती: एक साधा रॉयबॉस घ्या, एक फ्लेवरवाला, दोन सारखे कप, सारखं पाणी, सारखा वेळ. व्यावसायिक चहा-चाखणाऱ्यांच्या आयएसओ ३१०३ या स्टँडर्डमध्ये १०० मिलिला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे, हे प्यायला जरा कडक पण तुलना करायला उत्तम. आधी साधा प्या, मग फ्लेवरचा. साध्यात जे नव्हतं ते सगळं फ्लेवरचं, इतकं सरळ. फ्लेवरवाला आधी प्यायलात तर मागून साधा मुडद्यासारखा लागतो आणि काहीच कळत नाही.

उकळता पिऊ नका, जीभ भाजून घेतली की तिथेच खेळ खलास. जरा निवला की सुर्र करून हवेसकट ओढा, घरचे बघतील तर बघू दे. मग कोमट झाल्यावर परत, आणि पूर्ण गार झाल्यावर परत. गरम असताना वास पुढे असतो, गार होताना आंबट-गोड पुढे येतं, आणि स्वस्तातला फ्लेवर गार झाल्यावर उघडा पडतो, साबणासारखा काहीतरी मागे राहतो.

साखर घालू की नको यावर लोक उगाच भांडतात. पहिले दोन घोट बिनसाखरेचे घ्या, मग पाव चमचा साखर टाकून बघा, फळ एकदम वाढल्यासारखं वाटेल, कारण मेंदूला फळ आणि गोड एकत्रच माहीत आहे. गूळ मात्र स्वतःच बोलायला लागतो, टेस्टिंगला नको.

पाण्याकडे कुणी बघतच नाही. बोअरचं जड पाणी असेल तर चव दबते, आणि हिबिस्कसवाल्याचा लाल रंग मळकट जांभळा होतो, घाबरू नका, चहा सडलेला नाही, पाणी अल्कलाइन (आंबटाच्या उलट गुणाचं) आहे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर फिल्टरचं घ्या.

साठवणीतल्या चुका थोडक्यात: मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, पाच फ्लेवरच्या टीबॅगा एका बरणीत कोंबू नका (आठवड्याभरात सगळ्यांचा एकच फ्लेवर होतो), आणि काल मसाला चहा भरलेल्या थर्मासमध्ये ओतू नका, झाकणाच्या रबराला लागलेला वास धुऊनही जात नाही. सुटा ब्लेंड असेल तर अजून एक, रॉयबॉसच्या बारीक काड्या तळाशी बसतात आणि फळाचे तुकडे वर राहतात, त्यामुळे सुरुवातीचे कप नुसत्या सफरचंदाचे आणि शेवटचे नुसत्या काड्यांचे. काढण्याआधी डबा आडवा करून हलवा आणि चमचा खोलवर घाला. गाळणंही बारीक जाळीचं लागतं, आपल्या नेहमीच्या गाळण्यातून त्या काड्या सरळ कपात उतरतात आणि मिशीला लागतात.

उन्हाळ्यात आइस्ड करणार असाल तर थंड पाण्यात रात्रभर भिजवण्यापेक्षा आधी निम्म्या पाण्यात, उकळत्या, दुप्पट कडक काढा, झाकून १० मिनिटं, मग गाळून उरलेलं थंड पाणी आणि बर्फ. वाळलेल्या वनस्पतीला एकदा उकळतं पाणी लागलेलं सुरक्षित, आणि रॉयबॉसचं अंगही नीट उतरतं. बर्फ वितळून पातळ होणार हे धरूनच कडक करायचं, आणि थंडपणाने गोडी कमी जाणवते म्हणून साखर घालणारच असाल तर गरम असतानाच विरघळवा.