फायनल करायच्या आधी शाळेवर जाऊन या

मुख्याध्यापकांचा फोन येतो, "सर, यू-डायस शंभर टक्के झालं, तुम्ही तेवढं फायनल करून टाका." तिथंच थांबायचं. यू-डायस म्हणजे शाळेची दरवर्षी भरायची सरकारी ऑनलाइन माहिती. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात ११ वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, म्हणून फिरलोय, म्हणून नव्या केंद्रप्रमुखांना सांगतो.

भरलेला फॉर्म छापून घ्या अन् शाळेवर जा. त्यात शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी असे तीन भाग असतात. शिक्षकांचा लवकर उरकतो; गुरुजी स्वतःच्या नावातली वेलांटीसुद्धा चुकू देत नाहीत. शाळेच्या भागात मात्र मागच्या वर्षीचंच पुढं ढकलायची खोड असते. स्वच्छतागृहं किती आणि त्यातली वापरात किती, हे वेगवेगळं विचारलेलं आहे. दार उघडून बघा, नळ सोडून बघा. एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात खिचडीचं सरपण रचलेलं होतं अन् फॉर्मवर 'वापरात १'. वर्गखोल्यांचंही तसंच. गळकी खोली 'चांगली' म्हणून लिहिली, तर दुरुस्ती कोणत्या तोंडानं मागणार?

खरी मेहनत विद्यार्थ्यांच्या भागात. २०२२-२३ पासून नुसता आकडा चालत नाही, एकेका लेकराची नोंद लागते. जनरल रजिस्टर उघडा, शेजारी हजेरी ठेवा, बोटानं नाव लावत जा. रजिस्टरला 'मुंजाजी', आधारला 'मुंजा', की अडलं. अशा वेळी पालकाला आधार दुरुस्तीला पाठवा. रजिस्टरवर खाडाखोड करू देऊ नका. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, याच पटावर होते, एक-दोन लेकरांच्या फरकानं मास्तर अतिरिक्त ठरतो.

आता आपल्याकडची खरी अडचण. संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या लागतात, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. फॉर्म भरायला नोव्हेंबर उजाडला, तर निम्मा वर्ग रिकामा दिसतो अन् एखादे मुख्याध्यापक घाबरून ती नावं ड्रॉपबॉक्सला, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकून मोकळे होतात. असं होऊ देऊ नका. ३० सप्टेंबरला जे पटावर होतं, ते मोजायचं. कोण आजीजवळ राहिलं, कोण हंगामी वसतिगृहात, कोण आईबापासंगं फडावर, याची यादी वेगळी करा. फडावर जाणाऱ्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं) पडलं का, तेही विचारा. दाखला काढून लातूरला गेलेलं लेकरू मात्र पटावर अडकवून ठेवू नका. ते ड्रॉपबॉक्सला गेल्याशिवाय तिकडच्या शाळेला त्याच्या पेन नंबरवरून (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) ओढून घेता येत नाही. मग कुणीतरी नवीनच नोंद करतं अन् एका लेकराची दोन होतात.

शेवटी ११ अंकी यू-डायस कोड मोजा. महाराष्ट्राचे २७ अन् बीडचेही २७, त्यामुळं हातानं लिहिताना एक जोडी हमखास गळते. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची एक प्रत आपल्या दप्तराला लावा. पुढच्या वर्षी शाळेवर जाताना तीच पिशवीत टाकायची.