एकाच लॉगिनवर सगळं घर? फॅमिली प्लॅन असा लावा

दुपारी दहा मिनिटं हाताशी होती म्हणून हेडफोन लावून बसले. गाणं अंतऱ्यापाशी आलं आणि थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. स्क्रीनकडे बघते तर माझ्या नावाखाली डायनासोरचं गाणं चालू. घरी लेक टॅबवर माझ्याच लॉगिनने ऐकत होती आणि तिकडे तिचीही चिडचिड चालली होती, की नेट सारखं जातंय.

गाण्यांच्या ॲपचा एकट्याचा प्लॅन एका वेळी एकाच ठिकाणी वाजतो, त्यामुळे हे होणारच. पण खरा त्रास वेगळा आहे. ॲप आपण काय ऐकतो ते लक्षात ठेवून पुढची गाणी सुचवतं. मुलाने आठवडाभर एकच बालगीत लावलं की तुमच्या सुचवण्यांत त्याचीच भावंडं यायला लागतात. आणि उलट, तुमची मोठ्यांची गाणी मुलाच्या कानावर पडतात ती वेगळीच. म्हणून पैसे वाचतात हे ठीक, पण फॅमिली प्लॅन घ्यायचा तो प्रत्येकाचं अकाउंट वेगळं व्हावं म्हणून. प्लॅन घेऊनही सगळे एकाच लॉगिनवर राहिले, तर पैसे पाण्यात.

आधी माणसं मोजा

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक या तिन्हींच्या फॅमिली प्लॅनमध्ये प्लॅन घेणारा धरून 6 जण बसतात. मात्र स्पॉटिफायचे प्लॅन देशानुसार वेगळे असतात, तुमच्याकडे कोणता मिळतो आणि त्यात किती जण बसतात ते आधी बघा. घरात ऐकणारे दोघंच असतील, तर स्पॉटिफायचा दोघांसाठीचा प्लॅन कुठे मिळतो का ते बघा.

स्पॉटिफाय आणि यूट्यूबची अट अशी, की सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. ॲपलला सगळ्यांच्या अकाउंटचा देश एकच लागतो. एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये वर्षातून एकदाच जाता येतं, त्यामुळे मावसभावाला 'तात्पुरतं' घेण्याआधी विचार करा.

जुनं अकाउंट सोडू नका

आधीच पैसे भरत असाल तर त्याच अकाउंटवरून प्लॅन बदला. नवीन ईमेलने नवीन अकाउंट काढलंत तर वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट मागे राहतील. आधीचे पैसे मोबाइल कंपनीच्या बिलातून जात असतील, तर ते आधी थांबवावं लागतं का ते तपासा, नाहीतर दोन्हीकडून कापले जातील.

स्पॉटिफायमध्ये ब्राउझरवरून अकाउंटच्या पानावर गेलात की सदस्य जोडायची लिंक मिळते. ती घरच्यांना पाठवायची. त्यांनी आपापल्या अकाउंटने ती उघडून पत्ता भरायचा. पत्ता सगळ्यांनी एकसारखा लिहा. एकाने फ्लॅट नंबर टाकला आणि दुसऱ्याने टाकला नाही, एवढ्यावरूनही गाडी अडू शकते.

जन्मतारीख खरी टाका

इथे बहुतेक आईवडील शॉर्टकट मारतात. मूल नऊ वर्षांचं, पण ॲप तेरा मागतं, म्हणून जन्मसाल पुढे-मागे करून मोकळे होतात. मीही केलं होतं. परिणाम असा, की ॲपच्या लेखी ती मोठी झाली आणि मुलांसाठीची बंधनं तिला लागूच होईनात.

सरळ रस्ते आहेत. आयफोनवाल्यांनी 'फॅमिली शेअरिंग'मध्ये मुलाचं अकाउंट स्वतः काढून द्यायचं. तेरा वर्षांखालच्या मुलाचं अकाउंट तिथे पालकच काढतात. मात्र तिथे 'आस्क टू बाय' चालू आहे ना ते बघा. मूल काही विकत घ्यायला गेलं की परवानगीची विचारणा तुमच्या फोनवर येते. नाहीतर खरेदीचं बिल कुटुंबप्रमुखाच्या कार्डावर पडतं आणि आपल्याला महिनाअखेरीस कळतं.

स्पॉटिफायचं मुलांसाठीचं वेगळं 'किड्स' ॲप फॅमिली प्लॅनसोबत येतं, मात्र सगळ्या देशांत नाही. त्यात लहान आणि थोडी मोठी मुलं असे दोन वयोगट निवडता येतात, आणि मुलाने काय ऐकलं ते पालकाला दिसतं. एकच गाणं दिवसातून चाळीस वेळा वाजायला लागलं, तर ते बंदही करता येतं. ही सोय कोणी सुचवली असेल ते मला नेमकं कळतं.

चाळणी लावा, पण तिच्यावर विसंबू नका

आता मोठ्या मुलांचं. स्पॉटिफायमध्ये प्लॅन घेणाऱ्याच्या पानावर सदस्याचं नाव निवडून अश्लील किंवा शिवराळ गाणी बंद करता येतात. आयफोनवर हेच 'स्क्रीन टाइम'मधल्या बंधनांत संगीत 'क्लीन' करून होतं.

पण ही चाळणी गाण्याचे शब्द ऐकत नाही. गाण्यापुढे 'एक्सप्लिसिट'चा जो इंग्रजी 'ई' (E) असतो तो बघून ती अडवते, आणि स्पॉटिफायवर ती खूण गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडून आलेल्या माहितीवरून लागते. खूण नसेल तर गाणं खुशाल आत येतं. तेव्हा महिन्यातून एकदा मुलाशेजारी बसून त्याची प्लेलिस्ट ऐका. तपासणीच्या आवेशात नको, 'मलाही लाव की' म्हणून.

मुलाची गाणी त्याच्याकडे पाठवा

तुमच्या अकाउंटवर साठलेली मुलाची प्लेलिस्ट टाकून देऊ नका. स्पॉटिफायमध्ये तिची लिंक मुलाच्या अकाउंटवर उघडा, तीन ठिपके दाबा आणि सगळी गाणी त्याच्या नव्या प्लेलिस्टमध्ये घाला. किड्स ॲप वापरत असाल तर पालकाच्या अकाउंटवरून तिथे प्लेलिस्ट पाठवता येते. मग तुमच्याकडची प्लेलिस्ट आवडीच्या हिशेबातून वगळायचा पर्याय त्याच तीन ठिपक्यांत आहे. सुचवण्या लगेच सुधारत नाहीत. काही दिवस डायनासोर डोकावत राहतील.

मुलाच्या हेडफोनचा आवाजही याच बैठकीत बांधून टाका. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 75 डेसिबलपर्यंत अशी आहे. मोठ्यांसाठी ती 80 डेसिबल. आयफोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा मोठा आवाज कमी करायची सोय आहे आणि आकडा आपण ठरवायचा असतो.

शेवटी राहतो तो हॉलमधला स्पीकर. सगळ्यांची अकाउंटं वेगळी करूनही माझ्या यादीत बालगीतं येतच होती, कारण स्पीकर माझ्या अकाउंटला जोडलेला होता. स्पीकर आवाज ओळखत असेल तर प्रत्येकाचा आवाज आणि अकाउंट त्यात नोंदवा. ओळखत नसेल तर गाणं मुलाच्याच टॅबवरून स्पीकरवर पाठवायचं. आम्ही हेच करतो. टॅब चार्ज नसला की मात्र लेक अजूनही माझा फोन मागते.