गॅलिलिओने बघितले तसे गुरूचे चंद्र घरून कसे बघायचे

शाळेत एका ओळीत शिकवतात की गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र शोधले, पण त्याला नेमकं दिसलं काय आणि ते चंद्रच आहेत हे त्याने ठरवलं कसं, ते कोणी सांगत नाही. मला ते समजलं तेच काम स्वतः केल्यावर. लागतं काय तर १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) बायनॉक्युलर, एक वही, पेन्सिल आणि रोज रात्री दहा मिनिटं, असं दोन आठवडे.

आधी गुरू शोधा. शुक्र मावळलेला असला की रात्री उशिरा आकाशात चांदण्यांपेक्षा ठळक, पिवळसर पांढरा आणि न लुकलुकणारा असा बहुतेक वेळा गुरूच असतो, तरी खात्रीसाठी मोबाईलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अॅप टाकून घ्या. साधारण दर १३ महिन्यांनी तो सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि रात्रभर दिसतो, तेव्हा सुरुवात केलेली सगळ्यात बरी. इमारतींच्या डोक्यावर टेकलेला असताना बघू नका, चांगला वर येऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात हलता कामा नये. नुसती हातात धरली तर चंद्र दिसणारच नाहीत, गुरूच नाचत राहील, म्हणून ट्रायपॉड लावा, नाहीतर गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर बायनॉक्युलर टेकवा. डोळ्याला दोन मिनिटं सरावू द्या, मग गुरूच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एका रेषेत बारीक ठिपके दिसायला लागतात. कधी चार, कधी दोनच, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो, आणि आयो नावाचा सगळ्यात आतला चंद्र तर इतका जवळ फिरतो की बऱ्याचदा गुरूच्या झगमगाटातच हरवतो.

वहीत मध्ये एक गोल काढा, ठिपके जिथे दिसले तिथे टाका, अंतर अंदाजे "गुरूच्या रुंदीच्या इतके पट" असं लिहा, तारीख आणि वेळ टाका. गुरू जिकडून वर आला ती बाजू पूर्व, जिकडे मावळायला चाललाय ती पश्चिम, हे रोज न विसरता लिहायचं. आणि अॅपमध्ये चंद्रांची नावं आधी बघू नका, प्लीज, सगळी मजा त्यातच आहे.

कारण गॅलिलिओलाही उत्तर माहीत नव्हतं. ७ जानेवारी १६१० ला इटलीतल्या पादुआमध्ये, साधारण २० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, त्याला गुरूपाशी तीन तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याला वाटलं मागचे नेहमीचेच तारे असतील. ८ तारखेला तिन्ही पश्चिमेला! गुरू तेव्हा वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने पश्चिमेकडे सरकायला हवा होता, आणि इथे तर तो पूर्वेला गेल्यासारखा दिसत होता, म्हणून आपलं गणितच चुकलं की काय असं त्याला वाटलं. ९ ला ढग. १० ला दोनच तारे, दोन्ही पूर्वेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हलतायत ते तारे, गुरूभोवती. १३ ला चौथा सापडला आणि मार्चमध्ये व्हेनिसला त्याचं यावरचं पुस्तक छापून आलं. मला ते ढगवालं पान फार आवडतं, कारण तुमच्याही वहीत तशी पानं येणार, तीही कोरी न ठेवता "ढग" लिहून ठेवा.

यात एवढं मोठं काय होतं? कोपर्निकसने १५४३ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटलं तेव्हा लोकांचा एक आक्षेप असा होता की पृथ्वी पळत असेल तर चंद्र मागे कसा राहत नाही. आता गुरू सरकतोय हे तर कोपर्निकसला मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना, दोघांनाही मान्य होतं, आणि तो चार चंद्र बरोबर घेऊन सरकत होता. म्हणजे आक्षेप गेला. पृथ्वी फिरते हे यातून सिद्ध झालं असं मात्र म्हणू नका, तेवढं ते होत नाही, फक्त सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं ही समजूत मोडली.

दोन आठवडे झाले की सगळी पानं एकाखाली एक लावा. सगळ्यात लांब जाणारा ठिपका कॅलिस्टो, त्याला एका फेरीला सुमारे १६.७ दिवस लागतात, गॅनिमीडला ७ दिवसांच्या थोडं वर, युरोपाला साडेतीन. गॅनिमीड सगळ्यात तेजस्वी, म्हणून आधी त्याचाच माग काढा, तो एका बाजूच्या टोकाला किती दिवसांनी परत येतो ते मोजा, तुमचा आकडा सातच्या जवळपास आला तर वही बरोबर चाललीय. आयोला फक्त ४२ तास आणि काही मिनिटं लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी एकाच रात्री तीन-चार तासांच्या अंतराने दोनदा बघावं लागतं. याच आयोच्या ग्रहणांच्या (तो गुरूच्या सावलीत शिरतो त्या) वेळा पृथ्वी गुरूपासून लांब-जवळ जाईल तशा पुढेमागे होतात हे बघून ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये पॅरिसला सांगितलं की प्रकाशालाही यायला वेळ लागतो.