या चुका टाळा: इंग्रजी नामाला सरसकट ‘एस’ चिकटवू नका

बॉय-बॉइज, बॉक्स-बॉक्सेस, बेबी-बेबीज हे सगळं शाळेत पाठ होतं आणि बहुतेकांचं ते चुकतही नाही. ‘ऑक्स’चं ‘ऑक्सन’ होतं यावर एक मार्क ठरलेला असतो; पुढे नोकरीला लागल्यावर बैलांविषयी इंग्रजीत मेल लिहायची वेळ किती जणांवर येते, ते सोडा. खरी गडबड होते ती रोजच्या शब्दांत: इन्फॉर्मेशन, हेअर, न्यूज, मनी. तीही बऱ्याचदा इंग्रजी कच्चं म्हणून होत नाही. आपण मराठीत जसं मोजतो तसंच इंग्रजीत मोजायला जातो, म्हणून होते. गंमत म्हणजे काही ठिकाणी मराठी कान अगदी बरोबर सांगत असतो आणि तिथेच आपण त्याचं ऐकत नाही.

आधी ‘माहित्या’ म्हणून पाहा

‘माझ्याकडे तीन माहित्या आहेत’ असं कुणी म्हणतं का? ‘सामानं’, ‘रहदाऱ्या’, ‘यंत्रसामग्र्या’? उच्चारतानाच जीभ अडखळते. तरी ऑफिसच्या मेलमध्ये ‘ऑल द इन्फॉर्मेशन्स’, ‘टू लगेजेस’, ‘न्यू मशिनरीज’ बिनदिक्कत जातात. या शब्दांना ‘एस’ लागत नाही. फर्निचर, इक्विपमेंट, ट्रॅफिक, होमवर्क, ज्वेलरी, सीनरी, सॉफ्टवेअर, फीडबॅक हेही त्यातलेच. यातल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ मुळात ‘अमुक वस्तूंचा एकत्र समूह’ असा आहे. बॅगा मोजता येतात, लगेज नाही.

शाळेत यावर उपाय सांगतात तो ‘अ पीस ऑफ फर्निचर’चा. व्याकरणाच्या दृष्टीने तो बरोबर आहे, पण बोलताना फार जड होतो आणि ऐन वेळी आठवत नाही. त्यापेक्षा शब्दच बदला. इन्फॉर्मेशनच्या जागी डिटेल्स, लगेजच्या जागी बॅग्ज, मशिनरीच्या जागी मशीन्स, होमवर्कच्या जागी असाइनमेंट्स, अ‍ॅडव्हाइसच्या जागी सजेशन्स किंवा टिप्स, फीडबॅकच्या जागी कमेंट्स. हे सगळे मोजता येणारे शब्द आहेत, त्यामुळे ‘थ्री डिटेल्स’, ‘टू बॅग्ज’ निर्धास्त म्हणा. ‘मेनी’ की ‘मच’ असा घोळ पडला तर ‘अ लॉट ऑफ’ वापरा, ते दोन्हींना चालतं. ‘अ लॉट ऑफ फर्निचर’ बरोबर आणि ‘अ लॉट ऑफ चेअर्स’ही बरोबर.

केस, पैसे, तांदूळ: इथे मराठी चकवते

‘माझे केस गळतात’ हे वाक्य मनात ठेवून इंग्रजी बोललं की ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ होतं. मराठीत केस अनेक, म्हणून इंग्रजीतही अनेक! पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. म्हणून ‘माय हेअर इज फॉलिंग आउट’, ‘हर हेअर इज लाँग’. क्लासमध्ये यावरून ‘हेअरला कधीच एस लागत नाही’ असा नियम सांगून टाकतात, तोही चुकीचा. आमटीत केस सापडला तर ‘देअर इज अ हेअर इन माय फूड’ असंच म्हणायचं. दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. सुटा केस मोजता येतो, डोक्यावरचा केशसंभार मोजत नाहीत.

पैशांचंही तेच. ‘पैसे संपले’ हे मराठीत अनेकवचन, म्हणून ‘मनी आर फिनिश्ड’ तोंडात येतं. ‘मनी इज’ म्हणा. ‘पैसे तर मोजता येतात की’ असं विद्यार्थी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. पण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. ‘रुपीज’ला, ‘नोट्स’ना, ‘कॉइन्स’ना एस लागतो, ‘मनी’ला नाही.

स्वयंपाकघरात तर मराठीची तऱ्हाच न्यारी. तांदूळ निवडले, गहू दळून आणले, पोहे भिजवले, हे सगळं अनेकवचनात. तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’, एकवचन. इंग्रजीत कच्चा असो वा शिजलेला, ‘राइस’ एकच आणि ‘राइस इज’च. ‘व्हीट’चंही तसंच. ब्रेडवर मात्र जरा थांबा. किराणा दुकानात आपण ‘दोन ब्रेड द्या’ म्हणतो ते पुड्यांच्या हिशेबाने, नाश्त्याला ‘दोन ब्रेड खाल्ले’ म्हणतो ते कापांच्या. इंग्रजीत पहिल्याला ‘टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड’, दुसऱ्याला ‘टू स्लाइसेस’. ‘दोन चहा द्या’ला मात्र इंग्रजीतही अडचण नाही, हॉटेलात ‘टू टीज’, ‘टू कॉफीज’ सर्रास चालतं, कारण तिथे कप मोजले जातात.

सल्ला-सल्ले, बातमी-बातम्या हे मराठीत सहज होतं, म्हणून ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘टू गुड न्यूजेस’. दोन्ही चूक. ‘सम अ‍ॅडव्हाइस’ म्हणा. न्यूजच्या शेवटी आधीच एस आहे, त्यामुळे काही जण ‘द न्यूज आर’ म्हणतात. एकेकाळी इंग्रजही म्हणायचे; शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द अनेकवचनी वापरलेला सापडतो. आज ‘न्यूज इज’, आणि आधी ‘अ’ही नको: ‘आय हॅव गुड न्यूज’. मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स (गोवर) यांचा एसही असाच दिखाऊ आहे, क्रियापद एकवचनीच.

एक कात्री, एक चष्मा

मराठीत एकवचनी असणाऱ्या काही वस्तू इंग्रजीत दोन भागांच्या मानल्या जातात: कात्री, पक्कड, चष्मा, पँट. म्हणून ‘माय ग्लासेस आर ब्रोकन’, ‘द सिझर्स आर ऑन द टेबल’. ‘अ सिझर’ नावाची वस्तू नाही. एकच आहे हे सांगायचं असेल तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’.

एस गाळण्याची उलटी चूक

मराठीत शेवटी ‘आ’ नसलेली पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत. एक दगड-दोन दगड, एक मित्र-दोन मित्र, एक शर्ट-दोन शर्ट. त्यामुळे जिथे एस हवा तिथे तो गळतो, आणि सर्वांत जास्त गळतो ‘वन ऑफ’नंतर. ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘वन ऑफ द बेस्ट प्लेअर’ हे वर्तमानपत्रांच्या इंग्रजी मथळ्यांतही दिसतं. यावर मराठीतच इलाज आहे: मनात ‘पैकी’ लावा. आपण ‘मित्रापैकी एक’ म्हणत नाही, ‘मित्रांपैकी एक’ म्हणतो. तो अनुस्वार म्हणजेच इंग्रजीतला एस. मग क्रियापद मात्र ‘वन’चं घ्यायचं: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नाशिक’.

आकड्यांतही मराठी कामाला येते. आपण ‘पाच हजार माणसं’ आणि ‘हजारो माणसं’ असा फरक करतोच. इंग्रजीत तोच ‘फाइव्ह थाउजंड पीपल’ आणि ‘थाउजंड्स ऑफ पीपल’ असा होतो. नेमका आकडा असेल तर हजार, लाख, डझन यांना एस नाही. ‘फिफ्टी थाउजंड्स रुपीज’ लिहिलेले अर्ज भरपूर पाहायला मिळतात. बायोडेटात ‘फाइव्ह इयर एक्स्पीरियन्स’ नको, ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ हवं. पण ‘टेन-रुपी नोट’, ‘थ्री-डे ट्रिप’ यांत आकडा आणि नाम मिळून विशेषण होतं, तिथे एस येत नाही.

वडील ‘आर’, पोलीस ‘इज’

‘माझे वडील येत आहेत’ यातलं आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नेऊ नका, ‘माय फादर इज कमिंग’ पुरे. इंग्रजीत बापाला एकवचन लावल्याने अनादर होत नाही. याउलट ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत कायम अनेकवचनी: ‘द पोलीस आर हिअर’. एकटा पोलीस आला असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’. ‘पीपल’लाही ‘आर’च.

अल्फाबेट आणि अ‍ॅलम्नाय

‘इंग्रजीत २६ अल्फाबेट्स आहेत’ हे भल्याभल्यांच्या तोंडी असतं, शिकवणीच्या जाहिरातींतही. २६ आहेत ती ‘लेटर्स’. अल्फाबेट म्हणजे अक्षरांची पूर्ण माला, आणि इंग्रजीला ती एकच आहे. माजी विद्यार्थ्यांचं तर विचारूच नका. ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अ‍ॅलम्नाय’ अशी स्वतःची ओळख अभिमानाने लिहिली जाते. अ‍ॅलम्नाय म्हणजे अनेक. एकटा पुरुष अ‍ॅलम्नस, एकटी स्त्री अ‍ॅलम्ना. लॅटिन नको असेल तर ‘फॉर्मर स्टुडंट’ लिहा. ‘वन क्रायटेरिया’ही असंच चुकतं, एक असेल तर ‘क्रायटेरिअन’. ‘डेटा इज’वर मात्र वाद घालत बसू नका, शास्त्रीय लेखन सोडलं तर ते आता सगळीकडे चालतं.

शंका आली तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला शब्दकोश उघडा. त्यात नामापुढे छोटा ‘सी’ किंवा ‘यू’ छापलेला असतो: सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न येणारं. नुसता मराठी अर्थ देणाऱ्या अ‍ॅपमध्ये ही खूण सहसा नसते. दोन्ही अक्षरं दिसली तर अर्थ बदलतोय असं समजा आणि उदाहरणं वाचा. ‘पेपर’ कागद असेल तेव्हा यू, वर्तमानपत्र असेल तेव्हा सी. ‘एक्स्पीरियन्स’ कामाचा अनुभव असेल तर यू, प्रवासात आलेला एखादा अनुभव असेल तर सी. ‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे’ चूक आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीवरचं ‘वेल्डिंग वर्क्स’ बरोबर आहे, कारण तिथे वर्क्सचा अर्थ कारखाना.